साठ अंश

लोणी देवकरच्या कारखान्यातून बावड्याला जोतीरामतात्यांच्या घरी जायला तासभरही लागत नाही. स्वरूपाला तीन आठवडे लागले.

कारखान्यात ट्रेलरचं ओझं पेलणाऱ्या कमानींचे पोलादी पाटे बनत. लालभडक पाटा तेलात बुडवला की कडक होतो, पण काचेसारखा ठिसूळ. म्हणून त्याला पुन्हा कमी आचेच्या दुसऱ्या भट्टीत भाजायचं, तेव्हा कुठं त्यात चिवटपणा येतो. ही दुसरी भट्टी वीस वर्षं जोतीरामतात्यांची. तपासणी मात्र स्वरूपाकडे, आणि आच किती ठेवायची हेही तीच ठरवी. शिकलेली ना!

त्या दुपारी बारामतीहून सासूबाईंचा तिसरा फोन आला. "छकुलीचा ताप उतरंना गं. दूध बी घेईना." दीड वर्षांचं लेकरू. इकडे पाटे मऊ निघत होते, म्हणजे दुसऱ्या भट्टीची आच जास्त होत होती. नियमानं आच थोडी थोडी उतरवायची, दर वेळी एकच पाटा भाजून बघायचा. त्यात तीन तास सहज जातात. स्वरूपानं एकदम साठ अंश उतरवले आणि म्हणाली, "सगळा लॉट घाला."

"ताई, एक तरी पाटा आधी बघू. कडक म्हंजी मजबूत न्हवं. आमची आत्याबाई लई कडक, समद्या गावाला नडायची, आन् एका ठेचंत मोडली."

एरवी ती हसली असती. "तात्या, मला पाचची एसटी गाठायचीय. घाला म्हटलं ना."

त्यांनी घातला. कडकपणाचा आकडा झकास आला. तिनं सही केली आणि पळाली.

छकुलीचा ताप दुसऱ्याच दिवशी उतरला. आठवड्यानं गिऱ्हाइकाकडच्या चाचणीत पाटे काडकन मोडले. मॅनेजर विजयसिंहसाहेबांनी सगळ्यांना भट्टीपाशी उभं केलं. "आच कुणी उतरवली?"

शब्द स्वरूपाच्या ओठांवर होता. पण बाळंतपणाच्या रजेवरून येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि 'बाईचं लक्ष घरात' हे तिनं दोनदा कानानं ऐकलं होतं. ती फोनकडे बघत राहिली. तात्यांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं.

"भट्टी माजी हाय, सायेब."

तात्यांनी परस्परच आच उतरवली, असा साहेबांनी तोच कबुलीजबाब धरला. दुसऱ्या दिवशी तात्या कामावर नव्हते.

तीन आठवड्यांनी रविवारी ती बावड्याला पोचली, तेव्हा ते अंगणात फवारणीचा पंप उघडून बसले होते. तिला पाहताच म्हणाले, "या. पोरगी कशी हाय?"

"बरी आहे." तात्यांच्या बायकोनं, ठमाबाईंनी, चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या. "तात्या, उद्या मी साहेबांना सांगणार. आच मीच उतरवली म्हणून. ते तुम्हाला परत घेतील."

"न्हाय घ्यायचे. नवा गडी लावलाय म्हनं. त्येला बी लेकरंबाळं असत्याल. त्येला उठवून मी बसू व्हय?"

"पण त्या दिवशी तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

तात्यांनी पंपाचा वायसर पुसला. "मला वाटलं तुमी बोलाल. आता बोलाल, मंग बोलाल. गेटपतुर लई हळू चालत गेलो मी, ताई."

सोमवारी तिनं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि संध्याकाळी तिच्या हातात एक ताकीदपत्र ठेवलं. तेवढंच. भट्टीवर नवा माणूस होता, तो तसाच राहिला.