पेटीमागचा मिस्त्री

"आवरलं का रे? साहेब जिना चढतायत!" मधुकर ओरडला.

"गोळीचं बटण तेवढं राहिलंय. दोनच मिनिटं," उल्हासनं पेटीतूनच उत्तर दिलं.

डोकं, खांदे, सगळा उल्हास व्हिडिओ गेमच्या त्या लाकडी पेटीत शिरला होता. आतलं सर्किट मधुकरच्या मेव्हण्यानं सिंगापूरहून आणलेलं. बाकी सगळं त्याच्या या जुन्या मित्राच्या, उल्हासच्या हातचं. एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत आठवडाभर यंत्रं दुरुस्त करायची आणि रविवारी महानगर मोहल्ल्यातून सायकल हाणत मधुकरकडे इंदिरा नगरला यायचं, असं त्याचं वर्षभर चाललं होतं. शहाऐंशी साली लखनौत तसली बटणं कुठली मिळायला? त्यानं दारावरच्या घंटीची बटणं आणली आणि मधुकरच्या लेकीचं बोट दुखू नये म्हणून त्यांत बॉलपेनच्या नरम स्प्रिंगा बसवल्या. सगळ्या बटणांना जोडणारी काळी तार गोल फिरवून परत आणली. एका जागी तुटली तरी खेळ बंद पडायचा नाही.

आज मधुकरच्या बँकेचे मोठे साहेब यायचे होते. मधुकरला हवी असलेली पुण्याची बदली त्यांच्याच हातात. "तुझीही ओळख करून देतो," असं मधुकर म्हणाला होता, म्हणून हा वेडा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

"वाह, मधुकर जी! ये आपने बनाया?"

"जी सर, बस शौक है। एक-एक तार खुद जोड़ा है।"

"और ये पीछे कौन?"

मधुकर जरासा अडखळला. "मिस्त्री है, सर। साफ-सफाई कर जाता है।"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मधुकर टायफॉइडनं इस्पितळात पडला होता, तेव्हा आठ दिवस याच मिस्त्रीनं त्याच्या उशाशी काढले होते. उल्हासला इतका संताप आला की डोळ्यांपुढच्या तारा दिसेनात. पक्कड हातातच होती. काळी तार दोन जागी तोडली की खेळ ठप्प, आणि का ते त्या आयत्या बिळावरच्या नागोबाला सात जन्मांत सांगता आलं नसतं.

"पापा, मेरा नंबर कब आएगा?" मधुकरच्या लेकीनं विचारलं.

त्या पोरीचं काय चुकलं होतं? उल्हासनं पक्कड ठेवली, बटणाची पत्ती घासून सरळ केली, तारेचा डाख पक्का केला आणि मागची फळी लावून टाकली.

वीणावहिनी चहा घेऊन आल्या. या घरात पंधरा वर्षं त्याला कपबशीतून चहा मिळाला होता. आज मोलकरणीचा काचेचा ग्लास पुढे आला.

"भाऊजी, आजच्या दिवस..." त्या पुटपुटल्या. त्यांची नजर फरशीवर होती.

"हो गया, भैया?" मधुकरनं विचारलं.

"हो गया, साहब," उल्हास म्हणाला.

त्यानं उभ्या उभ्याच चहा संपवला. मग मोरीत जाऊन ग्लास स्वतः विसळला, मोलकरीण ठेवते तसा खिडकीत पालथा घातला आणि जिना उतरू लागला.