झाडातली निळी नाव

सायकलवाल्याच्या दुकानामागे एक लांबट खोली होती. दर रविवारी दुपारी तिथे सगळ्यांचे फोन जप्त होत. पान्यांच्या खणात फोन टाकायचे, खण बंद करायचा आणि मगच चहा. नियम सायकलवाल्याचाच. आधी ही मंडळी सकाळभर सायकली हाणून यायची आणि दुपारभर एकमेकांच्या नाकासमोर फोन नाचवायची. हा सूर्योदय बघ, हा पूल बघ, हा मी पुलावर बघ. शेवटी सायकलवाला वैतागला. "डोळ्यांनी पाहिलंत ना? मग तोंडाने सांगा," म्हणाला. तेव्हापासून जो तो आपल्या फेरीची हकिगत तोंडी सांगू लागला. महिन्याभरात ज्याची हकिगत सरस ठरे, त्याच्याच रस्त्याने महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळा घोळका निघे.

सरस ठरायची ती बहुतेक वेळा कप्तानांची.

कप्तान हे टोपणनाव. जहाजाशी गृहस्थांचा काडीचा संबंध नव्हता. विम्याच्या कचेरीतून ते ठोकलेल्या मोटारींची पाहणी करत हिंडत. पण त्यांच्याकडे जोडसायकल होती. दोन बैठका, दोघांना आपापली पॅडलं, आणि एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचे फिरलेच पाहिजेत अशी साखळी. पुढे हे, मागे बायको. बायकोला सगळे वहिनी म्हणत. त्या शिंप्याच्या दुकानात रफूचं काम करत. फाटक्या कोटाच्या रंगाशी दोऱ्याचा रंग जुळवण्यात हयात गेलेली, त्यामुळे नजर तयार होती. घोळक्यात मात्र त्यांची ओळख एवढीच, की कप्तानांच्या मागे बसतात त्या. बसतात! चढावर त्यांच्या मांड्या भरून येत त्याचं काय, हे कुणी विचारलं नाही.

जोडसायकल चालवायची एक रीत असते. हँडल, ब्रेक, घंटी सगळं पुढच्याच्या हातात. धूड लांबलचक, चटकन वळत नाही, म्हणून पुढच्याने रस्त्यावरून नजर हलवायची नाही. मागचं हँडल नुसतं धरायला असतं. मागच्याने समोर पाहावं तर पाठ. तेव्हा डावी-उजवीकडे बघणं हाच त्याचा उद्योग. कप्तान मान न वळवता विचारत, "काय आहे गं तिकडे?" वहिनी सांगत. पाणी किती आहे, त्याचा रंग कसा, पलीकडच्या घराच्या खिडकीत कोण बसलंय, ते आनंदात आहे की रुसलंय. कप्तान "हं, हं" करत ऐकत. दुपारी तेच सगळं, शब्दन् शब्द, चहाचा घोट घेत घेत ते खोलीत सांगत.

"कप्तान, मानलं तुमच्या नजरेला," घोळक्यातले एक दंतवैद्य म्हणत. दंतवैद्यांना स्वतःला पहिला नंबर हवा असे, त्यामुळे हे म्हणताना त्यांचीच दाढ दुखल्यासारखी दिसे.

वहिनींना सुरुवातीला गंमत वाटे. मग सवय झाली. खाणीच्या फेरीनंतर मात्र त्यांना ते झोंबलं.

त्या सकाळी बंद पडलेल्या खाणीजवळ त्यांनी एक माणूस पाहिला होता. उघड्यावर खुर्ची मांडून तो आपल्या म्हाताऱ्या बापाची दाढी करत होता. फांदीला आरसा टांगलेला. बापाने डोळे मिटून मान वर केली होती, अगदी निर्धास्त. आरशाचा कवडसा खाणीच्या दगडी भिंतीवर हलत होता. सायकल पुढे गेली, एवढंच दिसलं. सांगताना वहिनींचा आवाज कापला होता, कारण आपल्या वडिलांच्या शेवटच्या आजारात त्यांना जाता आलं नव्हतं. दुपारी कप्तानांनी ते सगळं सांगितलं, आवाज कापण्यासकट. घोळक्यातल्या, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. "कप्तान, तुम्ही किती हळवे आहात हो," त्या म्हणाल्या. कप्तानांनी मान खाली घातली, लाजून.

घरी आल्यावर पाण्याच्या बाटल्या विसळताना वहिनी म्हणाल्या, "अहो, एकदा तरी म्हणा ना, की हे हिने पाहिलं."

"अगं, नवरा-बायकोत कसलं आलंय तुझं-माझं?"

"मग मी सांगू का पुढच्या वेळी?"

"तू?" कप्तान हसले. वाईट हसू नव्हतं ते, पण त्यानेच जास्त लागलं. "चारचौघांत तोंड उघडलंस की त-त प-प होतं तुझं. जाऊ दे ना. वाहवा काय मी एकटा खातो? आपल्या दोघांचीच ती."

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी बाटल्या पालथ्या घातल्या आणि हात पुसले.

पुढच्या रविवारी दोघं कालव्याच्या रस्त्याने निघाली. रस्ता एक वळण सोडलं तर सरळ, रटाळ, बघण्यासारखं काही नाही. एका बाजूला मातकट पाणी, दुसऱ्या बाजूला कुंपण. "काय आहे गं तिकडे?" कप्तानांनी विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. आज सांगायला काही मिळणार नाही म्हणून ते चुळबुळत होते. कालव्याच्या वळणावर एक थोराड झाड आलं. वहिनींच्या मनात काय आलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, "अगंबाई! झाडात नाव अडकलीय!"

"नाव? कसली नाव?"

"होडी हो. पार वर, बेचक्यात. पुराने नेऊन ठेवली असेल. आत बदकं आहेत, पांढरी."

सांगून त्या वाट बघू लागल्या. आता हा माणूस मान वळवेल. झाडात होडी म्हटल्यावर कोण बघणार नाही? वळून बघेल, काही नाही म्हणेल, आपण हसू, तोही हसेल, आणि मग कदाचित बोलता येईल. बघा हो, एकदा तरी मी काय बघते ते बघा. एवढंच त्यांना हवं होतं.

कप्तानांची मान जागची हलली नाही.

"रंग कुठला?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी त्या ताठ मानेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "निळा." आणि पुढचा सगळा कालवाभर त्यांनी हात राखला नाही. नावेचा रंग उडालाय म्हणाल्या. दोरीचा तुकडा लोंबतोय म्हणाल्या. बदकं शिडीवरून उतरावीत तशी फांद्यांवरून एकामागून एक उतरतात म्हणाल्या. कप्तान "हं, हं" करत राहिले.

दुपारी खोलीत त्यांनी बार उडवून दिला. वर पदरचं घातलं ते वेगळंच. "मी सायकल उभी केली," ते म्हणाले, "बुंध्यावर चढलो, नावेत डोकावलो. आत चार अंडी!" वहिनी चहाच्या कपात बघत बसल्या. दंतवैद्यांनी जंगलातल्या आपल्या फेरीचं काही सांगितलं, ते कुणी कान देऊन ऐकलंही नाही. सगळ्यांचं एकमताने ठरलं, पुढचा, महिन्याचा शेवटचा रविवार कालव्याचा.

तो आठवडा वहिनींनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. भीती वाटायची. पण त्या भीतीखाली, खरं सांगायचं तर, आनंदही होता. आता पळवाट नव्हती. सगळे झाडाखाली उभे राहतील, वर बघतील, आणि कप्तानांना कबूल करावं लागेल, की मी तर फक्त रस्ता बघतो, बघते ती ही. शरमेने का होईना, म्हणावं लागेल. शनिवारी कप्तान साखळीला तेल देत होते. वहिनींना त्यांची दया आली. सांगून टाकावं असं ओठांवर आलं.

"काय गं," कप्तानांनीच विचारलं, "वल्हं होतं का नावेत? दंतवैद्य नक्की विचारणार."

"एक होतं," वहिनी म्हणाल्या.

रविवारी सगळा घोळका कालव्यावर आला. वळण आलं, झाड आलं. सगळे उतरले, माना वर करून झाडाला प्रदक्षिणा घालू लागले. नाव नव्हती. बदक सोडा, कावळा नव्हता. कप्तानांनीही मान वर केली आणि त्यांचा चेहरा उतरला. बेचकं होतं, पण त्यात एक टोपली मावली असती तर नशीब.

"झाड हेच ना?" सायकलवाल्याने विचारलं.

"कालव्यावर दुसरं झाडच नाही," भूगोलाच्या बाई म्हणाल्या.

दंतवैद्यांना तर दिवाळं निघालेला शेजारी बघितल्यागत झालं. "कप्तान, तुम्ही वर चढला होतात ना?" ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "अंडी मोजली होतीत?"

कप्तानांनी एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे. मनातल्या मनात त्या म्हणत होत्या, म्हणा आता. म्हणा.

आणि कप्तान म्हणाले.

"खरं सांगू का," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मला पुढचा रस्ता सोडून काही दिसत नाही. पाहते ती ही. मला आजवर जे काही सांगितलं, ते हिनेच."

वहिनींचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

"हल्ली तिला असं काहीबाही दिसतं," कप्तान पुढे म्हणाले. "मला कळत होतं. नाव बिव काही नव्हती तिथे. पण ती इतकी रंगून सांगत होती, मला तिचं मन मोडवेना. म्हणून चारचौघांत मीही पाहिली म्हणालो. खोटं बोललो. चुकलं माझं." शेवटी त्यांचा आवाज कापला. तो कसा कापायचा हे ते खाणीच्या फेरीत शिकले होते.

सगळ्यांचे चेहरे पालटले. सायकलवाल्याने कप्तानांच्या खांद्यावर हात ठेवला. दंतवैद्यांनी खजील होऊन खाली पाहिलं. मग सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं, आजाऱ्याकडे बघावं तसं.

"मी मुद्दाम सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "नाव नव्हती, मला माहीत होतं. मी मु-मुद्दाम... हे वळून बघतात का, म्हणून..." आणि खरोखरच त्यांचं त-त प-प झालं.

"हो वहिनी, हो," दंतवैद्य म्हणाले. रुग्णाचं तोंड उघडून घेताना म्हणत असावेत तसं. "माझ्या ओळखीचे एक चांगले डॉक्टर आहेत, कप्तान. नंबर देतो."

भूगोलाच्या बाई जवळ आल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. "मग ते खाणीतलं?" त्यांनी कप्तानांना विचारलं. "तो मुलगा, बापाची दाढी करणारा? ते तरी?"

"तेही हिचंच," कप्तान म्हणाले आणि उसासा टाकला. "आता काय सांगावं?"

"ते खरं होतं," वहिनी म्हणाल्या. "ते मी पाहिलंय. आरसा होता. बापाने मान अशी वर केली होती." त्यांनी स्वतःची मान वर करून दाखवली. कालव्याच्या काठावर, सगळ्यांच्या देखत, डोळे मिटून. डोळे उघडले तेव्हा भूगोलाच्या बाईंनी तोंड फिरवलं होतं, आणि बाकीचे सायकली सरळ करण्यात फार गर्क झाले होते.

परतीच्या वाटेवर घोळका मुद्दाम सावकाश चालला होता, वहिनींना झेपावं म्हणून. कप्तानांचा जीव भांड्यात पडला होता. आपण काही वाईट केलं असं त्यांना वाटतच नव्हतं. सांगता सांगता त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता. त्यांना बायकोची माया आली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मान वळवून इकडे-तिकडे पाहिलं.

"ते बघ, डावीकडे झाड आहे," ते मोठ्याने, तोडून तोडून म्हणाले. "हिरवं झाड. दिसलं ना?"

"हो," वहिनी म्हणाल्या. झाड नव्हतं ते. वेलाने पूर्ण झाकलेला जुना विजेचा खांब होता.

"आणि हे पाणी. छान आहे की नाही पाणी?"

काठाला लागून एक बाई कमरेइतक्या पाण्यात उभी होती. कडेवर तान्हं मूल. एका हाताने पाणी उडवून ती मुलाला हसवत होती आणि स्वतः रडत होती. वहिनींनी ते नीट पाहिलं. सवयीने तोंडून निघून गेलं, "अहो, बघा, तिथे पाण्यात एक बाई..."

"असू दे, असू दे," कप्तान म्हणाले. त्यांची मान पुन्हा सरळ झाली होती. "तू काही बघू नकोस आता. नुसते पाय मार."