राघो मिस्त्रीने उतरवलेली नळी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे, ठासणीच्या बंदुकीची. माझ्या तोंडातून दारू घालायची, वर चिंधीत गुंडाळलेली गोळी गजाने ठासायची आणि मग बार काढायचा, अशी आमची रीत. माझ्या पोटात गिरक्या घेत गेलेले सात चर होते. गोळी त्यांतून फिरत बाहेर पडे आणि सरळ जाई. मला घडवणाऱ्या लोहाराचा चेहरा मला आठवत नाही. लाल उजेड तेवढा आठवतो, आणि स्वप्नात ऐकल्यासारखा घणाचा आवाज.

कोलशेतच्या धोंडीबाने मला एका पेन्शनीत निघालेल्या शिपायाकडून घेतले. त्याच्यामागे मी त्याच्या मुलाकडे, गुणाजीकडे आले. गुणाजीचे भातशेत डोंगर आणि खाडी यांच्या मधोमध होते. दाणा भरू लागला की रानडुकरे उतरत आणि एका पहाटेत अर्धे शेत लोळवून टाकत. म्हणून सरकारी परवाना काढून त्याने मला ठेवले होते. माझा नेम गावात नावाजलेला होता. "धोंडीबाची बंदूक चुकत नाय," असे लोक म्हणत, आणि मी मनातल्या मनात फुलून जाई.

पण त्या नेमामागे हात होता गुणाजीच्या बायकोचा, रंगूबाईचा. बार उडाला की जळक्या दारूची काजळी माझ्या पोटात बसते. ती ओल धरते आणि लोखंड खाते, त्यात खाडीची खारी हवा! म्हणून बंदूक घरी आली की रंगूबाई मला लाकडी दस्त्यापासून सोडवी, कढत पाणी ओती आणि चिंधी पांढरी निघेपर्यंत गज फिरवी. मग ऊन दाखवून तेलाचा हात. त्या पाण्याने मला गुंगी येई. वाटे, मी नळी नाहीच, भरतीला निघालेली एक लहानशी खाडी आहे.

एका वर्षी त्यांची लेक हेमा मोहने गावी बाळंत झाली. तिच्या सासरी दुसरे बाईमाणूस नव्हते, म्हणून रंगूबाई दोन महिने तिकडे राहिली. तेवढ्या काळात गुणाजीने तीनदा बार काढले आणि तिन्ही वेळा मला तशीच खुंटीला टांगले. मी अर्धवट झोपेत असल्यासारखी लोंबत राही. कुणीतरी आतून मला कुरतडत होते, आणि मला हाक मारता येत नव्हती.

रंगूबाई परतली. आल्या आल्या तिने माझ्यात पाणी ओतले आणि ती दचकली.

"आवो, पानी लाल आयलंय! मी नव्हती तवा धुतली नाय हिला?"

गुणाजी खाली बघत म्हणाला, "राहून गेलं. पन डुकरं काल पुन्ना उतरली. गोळी लांब जात नाय, म्हनून आज वाईच जास्ती दारू भरतो, म्हंजे झालं."

"बार काढू नका. पयली कल्यानला राघो मिस्त्रीला दाखवू."

"तवर शेत जाईल, रंगू!"

"जाऊ दे. शेत पुन्ना पेरता येतं."

दुसऱ्या दिवशी भरतीबरोबर होडी कल्याणकडे निघाली. मी रंगूबाईच्या मांडीवर होते. माझ्या तोंडातून आभाळाचा एक गोल तुकडा दिसत होता. त्यातून बगळे जात, ढग जात. आपण कुठे चाललो आहोत, हे मी विसरूनच गेले होते.

राघो मिस्त्री बंदुका दुरुस्त करणारा लोहार होता. त्याने गज फिरवला, चिंधी फाटून बाहेर आली. "गुणाजी, ही नळी संपली. दारू पेटते तिथेच गंजाने खड्डे पडलेत."

"बापाची हाय. सांधून द्या ना!"

राघो वाद घालत बसला नाही. त्याने दस्ता काढून ठेवला, मला एकटीला ओंडक्याला बांधले, गुणाजी भरणार होता तेवढीच दारू आणि गोळी भरली. गुणाजीचा गाल जिथे टेकला असता, तिथे एक मडके ठेवले. वात पेटवून सगळे भिंतीआड गेले. मी मनात म्हणत होते, एवढा बार धरून ठेव, एवढा एकच. पण मला तो धरवला नाही. माझी कूस फाटली आणि मडक्याच्या खापऱ्या अंगणभर उडाल्या.

गुणाजीने त्यांतली एक खापरी उचलून पाहिली. मग त्याने माझ्या फाटक्या कुशीवर हात ठेवला. मी अजून गरम होते, तरी त्याने हात काढला नाही. "तिची चूक नाय," तो म्हणाला, "माझी हाय."

राघोजवळ एका मोडलेल्या बंदुकीची चांगली नळी होती. दोन दिवस कानस चालवून त्याने ती माझ्या दस्त्यात बसवली. माझ्या जागेवर दुसरी निजलेली पाहून मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? निघताना गुणाजी म्हणाला, "मिस्त्री, धुवायचं कसं ते मना शिकवा."

"मी काय मेली हाय?" रंगूबाई हसली. "मी शिकवते!" मग राघोकडे वळून तिने माझा पुढचा, धड राहिलेला तुकडा कापून मागितला.

ते परतले तेव्हा पाऊण शेत डुकरांनी लोळवले होते. उरलेले नव्या नळीने राखले. त्या वर्षी घरात पेज पातळ होती, पण ती प्यायला दोघेही होते.

आता मी चुलीपाशी असते, फुंकणी होऊन. रंगूबाई फुंकते, निखारे फुलतात, आणि त्या लाल उजेडात मला पेंग येते. पण झोपण्याआधी तुम्हाला एवढेच सांगते, मित्रांनो. लोखंडाला बोलता येत नाही. ते फुटते तेव्हाच काय ते बोलते. तोवर त्याच्या पोटात डोकावून पाहणे, हे तुमचे काम.