चढावाच्या तोंडाशी

नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी पितृपक्षात अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालतात. यशवंतरावांची बायको विजया, तिच्यासाठी तिची धाकटी बहीण सुशीला जेवणार होती. तिचे गुडघे धरलेले, म्हणून पान तिच्याच घरी, रेल्वेलाइनीपलीकडे ब्राह्मणपाऱ्यात वाढायचं ठरलं. यशवंतरावांनी फक्त साडी घेऊन जायचं होतं.

पण त्यांनी मनाशी ठरवलं, विजयाचं घरात जे जे आहे ते आजच सुशीलाला देऊन यायचं. म्हणजे रोज ते डोळ्यांपुढे नको.

गुढियारीतल्या घरापुढे त्यांनी सायकलवर सामान चढवलं. कॅरिअरवर पाटा, त्यावर साड्यांचं गाठोडं, वर पाण्याचा पितळी गुंड. वरवंटा हँडलच्या पिशवीत. हात सोडला तर पुढचं चाक उचलून आलं.

सून चित्रा दारात आली. "बाबूजी, ऑटो बुला दूँ?"

"काहून? तुह्या सासूले जिंदगीभर ह्याच सायकलवर फिरवलं मी. ती काय कापसाची होती?"

"मम्मी पकड़के बैठती थीं. पाटा पकड़ेगा क्या?"

तिने गुंड उतरवला. त्यांनी तो पुन्हा चढवला. "आज सगळं जाईल," ते म्हणाले.

रेल्वेच्या अंडरब्रिजमध्ये सायकल उतारावरून भरधाव गेली. त्याच जोरावर समोरचा चढाव निम्मा चढून झाला असता. पण चढावाच्या तोंडाशी यशवंतरावांनी ब्रेक दाबला.

विजया इथंच उतरायची. कॅरिअरला हात लावायची आणि म्हणायची, "हव, चला आता."

तिला उतरता यावं म्हणून ते थांबले होते. पाट्याने सायकल मागं ओढली आणि सगळंच आडवं झालं. गुंड गडगडत भिंतीला जाऊन आदळला. मागं हॉर्न सुरू झाले. शहर राज्याची राजधानी झाल्यापासून कुणाला धीरच नव्हता.

एका भाजीवालीने टोपली खाली ठेवून त्यांना उठवलं. "अतेक बोझा काबर धरे हस, बबा? येला घर म रहन दे," ती पाट्याकडे बोट दाखवून म्हणाली; एवढं ओझं कशाला, हा घरीच राहू दे.

त्यांना लागलं नव्हतं. ते गाठोड्यावरचा चिखल पुसत राहिले. विजयाचं वजन ह्या सगळ्याहून जास्त होतं, आणि ती असताना सायकल कधी पडली नाही. आपण तिला ओढत नेतो असं त्यांना वाटायचं. प्रत्येक चढावावर ती तर खाली असायची, ढकलत.

ते घरी परतले. चित्राने न विचारता पाटा ओट्याखाली जागेवर सरकवला. चेपलेला गुंड तिवईवर ठेवला. यशवंतरावांनी गाठोडं सोडलं, आतली सुशीलाला द्यायची हिरवी साडी काढली आणि कागदात गुंडाळली.

"और बाकी?"

"राहू दे. एका खेपेत नाही जात हे, पोरी."

"अभी तो साइकिल एकदम हल्की चलेगी."

"हो."

सायकल खरंच हलकी चालली. उतार संपला. सरळ वर जाता आलं असतं, पण ब्रेकवर हात गेलाच. ह्या वेळी ते स्वतः उतरले. एक हात हँडलवर, दुसरा रिकाम्या कॅरिअरवर ठेवून ते ढकलत चढाव चढू लागले.