एकटीपुरती आवृत्ती

अकरा वर्षं घरात काढल्यावर तिने पुन्हा नोकरी करायचं ठरवलं, तेव्हा पहिला हात पुढे केला तो नणंदेने. नणंद रक्त-लघवी तपासणाऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेत डेटाबेस सांभाळायची, आणि तिथेच एक जागा निघणार होती.

"वहिनी, मी शिकवते की तुला," असं म्हणून तिने जुन्या लॅपटॉपवर डेटाबेसची पर्सनल, म्हणजे एकट्यानेच वापरायची आवृत्ती टाकून दिली.

"पण तुमच्याकडे सगळ्यांचा मिळून एक सर्व्हर असतो ना, ताई?"

"दोन्ही सारखंच गं. विहीर काय नि नदी काय, पोहणं तेच."

आठ महिने ती घासून शिकली. सगळे बाहेर पडले, की खरकटी ताटं बाजूला सारून लॅपटॉप उघडायची. तक्ते जोडायची, हजारो नोंदींतून हवी ती चुटकीसरशी काढायची. "एकाच वेळी चार जण काम करत असले तर?" असं तिने दोनदा विचारलंही. "ते आपोआप होतं," म्हणत नणंदेने विषय बदलला.

त्या जागेसाठीच्या परीक्षेत पहिला भाग तिने अर्ध्या वेळात संपवला. मग परीक्षकांनी दुसरा कागद दिला. सर्व्हरवर सहा जण काम करताहेत. एकाने एक नोंद अर्धवट बदलून तशीच ठेवल्याने बाकीचे खोळंबलेत. कोणामुळे अडलंय ते शोधा, मोकळं करा, आणि नव्या कर्मचाऱ्याला फक्त वाचायची परवानगी द्या.

घरच्या लॅपटॉपवर ती एकटीच मालकीण. तिथे कोण कोणाला अडवणार, नि परवानगी कोणाची मागणार?

"हात इतका साफ, आणि नेमकं हेच कसं राहिलं?" परीक्षकांनी विचारलं. "शिकवलं कोणी?"

तिने सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"हा प्रश्न त्यांनीच काढलाय. निम्मे गुण यालाच ठेवा म्हणाल्या. नातं आहे, हे मात्र बोलल्या नाहीत."

ती तडक नणंदेकडे गेली. नणंद कपडे वाळत घालत होती.

"नाही म्हणायचं होतंत, ताई. मी दुसरीकडे शिकले असते."

"नाही म्हटलं असतं तर वाईट मीच ठरले असते." नणंदेने सदरा झटकला. "घरात जिकडेतिकडे तुझंच कौतुक. एवढं एक माझं होतं."

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "जाऊ दे गं, ती मनाची वाईट नाही." ते तिला परीक्षेत नापास होण्यापेक्षा जास्त लागलं.

मग तिने असा वर्ग शोधला जिथे दहा जण एकाच सर्व्हरवर बसायचे. पहिल्याच दिवशी मागून कोणीतरी ओरडलं, "माझी नोंद कोण अडवून बसलंय?" तिने हात वर केला. सगळे हसले, तीही हसली, आणि ते सोडवायचं कसं, हे तिला शेजारणीने दाखवलं. दोन मिनिटांचं काम होतं.

चार महिन्यांनी तिला मालवाहतुकीच्या एका कंपनीत जागा मिळाली. अभिनंदनाला नणंदेचा फोन आला. नवऱ्याने तो तिच्यापुढे धरला.

"हात ओले आहेत," ती म्हणाली. हात कोरडे होते. त्यालाही ते दिसत होतं.