झालर किती खाली असावी

असं समजा, की तुम्ही एका पलंगावर उताणे पडला आहात आणि तुम्हाला उठता येत नाही. कूससुद्धा दुसऱ्या कुणीतरी बदलायची. पलंग खोलीच्या मागच्या भिंतीजवळ आहे आणि समोर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, एक खिडकी आहे. आता काय दिसतं ते नीट बघा. खिडकीच्या खालच्या काचांतून समोरच्या इमारतीची राखाडी भिंत दिसते. तिच्यात बघण्यासारखं काही नाही. पण अगदी वरच्या, वीतभर काचेतून त्या इमारतीची गच्ची दिसते, कपडे वाळत घालायची दोरी दिसते आणि थोडं आकाश. उभा माणूस खिडकीशी जाऊन रस्ता बघतो. ती वरची वीतभर काच त्याच्या खिजगणतीतही नसते.

बटणला मात्र ती काच ठाऊक होती, कारण शाळेतून आली की ती आत्याच्या शेजारी आडवी व्हायची.

बटण हे नाव आत्यानंच ठेवलेलं. आत्या शर्टांच्या कारखान्यात बटणं लावायची आणि तिची मैत्रीण शेजारच्या मशीनवर काजं करायची. भावाला मुलगी झाली, तिचं गोल तोंड बघून आत्या म्हणाली, हे तर आमच्या कारखान्यातलं बटण. पुढे आत्याला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, हातपाय गेले, उजव्या हाताचं एक बोट तेवढं उरलं. पलंगाच्या लोखंडी कडेवर ते एकदा वाजलं की हो, दोनदा वाजलं की नाही.

मैत्रीण राहायची समोरच्याच इमारतीत. बटण तिला मावशी म्हणायची. ती रोज यायची, आत्याचे केस विंचरायची, कारखान्यातल्या जुन्या भानगडी सांगून एकटीच हसायची. एकदा तिनं, दोन शेजारणी बसलेल्या असताना, बटणच्या आईला विचारलं, की ही चादर सकाळपासून ओलीच आहे का. दुसऱ्या दिवसापासून मावशीला दार उघडलं गेलं नाही. तिचा विषय निघाला की आई म्हणायची, त्या काजवालीला दुसऱ्याच्या घरात भोकं पाडायची सवयच आहे.

मग मावशी रोज सकाळी गच्चीवर येऊन दोरीला एक लाल फडकं बांधू लागली. एवढंच. ते वाऱ्यानं हललं की आत्याचं बोट कडेवर एकदा वाजायचं. ज्या दिवशी फडकं लागायला उशीर होई, त्या दिवशी आत्या तोंड मिटून घेई आणि भरवलेला घास बाहेर येई.

आई बटणशी वाईट वागत असेल असं तुम्हाला वाटलं असेल. तसं नव्हतं. आई तिच्या वह्यांना कव्हरं घालायची, ताप आला की उशाशी बसून राहायची. एखाद्याशी दुष्ट असलेला माणूस सगळ्यांशीच दुष्ट असता, तर त्याला ओळखणं किती सोपं झालं असतं.

घराला नवा रंग लागला, लाकडी जमिनीला पॉलिश झालं, आणि आईनं ठरवलं की सगळ्या खिडक्यांना झालरी लावायच्या. झालर म्हणजे पडद्याच्या वर, दांडी झाकायला लावतात ती कापडाची आडवी पट्टी. आई बटणला पडद्यांच्या दुकानात घेऊन गेली आणि म्हणाली, "आत्याच्या खिडकीची तू निवड."

बटणला आभाळ ठेंगणं झालं. तिनं एकेक ठाण हातात घेऊन पाहिलं. जाड मखमल नको, तिच्यावर धूळ बसते. मोठ्या फुलांचं नको, चुण्या घातल्या की फुलं मोडतात. पडदेवाल्यानं तिला सरळ झालर, चुणीदार झालर आणि कमानीसारखी कापलेली झालर असे नमुने दाखवले. शेवटी तिनं फिकट हिरवं, पातळ कापड निवडलं. त्यामागे हात धरला तर बोटं दिसत होती.

"एवढं पातळ का गं?" आईनं विचारलं.

"मागचं दिसायला हवं ना. आणि झालर आखूड ठेवायची, अगदी एवढीशी."

"आखूड का?"

"वरच्या काचेतून आत्याला लाल फडकं दिसतं. मावशी बांधते ते."

आईनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या गालावरून हात फिरवला. "असं होय. बरं झालं सांगितलंस."

मग ती पडदेवाल्याकडे वळली. कापड हेच राहू द्या, म्हणाली, पण झालर हातभर खाली येऊ द्या आणि आतून काळं अस्तर लावा. पडदेवाल्यानं टेप गळ्यातून काढली आणि समजावून पाहिलं, की अशानं वरची काच पूर्ण झाकली जाईल. झालर चौकटीच्या वर, भिंतीवरच ठोकली तर काच मोकळी राहते आणि खिडकीही उंच दिसते.

"बाकीच्या खिडक्यांना तसंच करा," आई म्हणाली. "त्या खोलीत आजारी माणूस आहे. उजेड सोसत नाही."

बटणनं आईचा हात ओढला. उजेड सोसतो, आत्याला उजेड आवडतो, असं ती म्हणत राहिली. आई तिच्याकडे न बघता म्हणाली, "तूच निवडलीस ना? मग आता तोंड पाडायचं नाही."

रात्री जेवताना बटणनं बाबांना सांगितलं. बाबांनी आईकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं, आणि म्हणाले की झालरीतलं मला काय कळतंय, तुम्ही दोघी बघा.

झालरी लागल्या त्या दिवशी आईनं बटणला स्टुलाशी उभं केलं. टाचण्यांची डबी तिच्या हातात दिली. पडदेवाल्याचा माणूस वर चढला, आई खालून सांगत गेली. अजून खाली. अजून थोडी. आत्याची नजर झालरीबरोबर खाली येत होती. आधी आकाश गेलं, मग दोरी गेली. आत्याचं बोट कडेवर दोनदा वाजलं. पुन्हा दोनदा. मग थांबेचना.

"ऐकू येतंय मला, ताई," आई शांतपणे म्हणाली. "माझ्यावर कशाला चिडता? तुमच्या लाडक्या बटणनं निवडलीय. कापडही तिचंच, मापही तिचंच. विचारा तिला."

आत्यानं डोळे बटणकडे वळवले. कापड बटणनं निवडलं होतं, हे खरंच होतं. टाचण्यांची डबी तिच्याच हातात होती. आत्या बघत राहिली आणि मग तिनं डोळे मिटून घेतले. बोट थांबलं.

डबी बटणच्या हातून पडली. टाचण्या जमिनीभर पसरल्या. सगळ्या वेचल्याशिवाय उठायचं नाही, असं बजावून आई बाहेर गेली. बटण गुडघ्यांवर रांगत भिंतीपासून खिडकीकडे सरकत गेली. खिडकीजवळची टाचणी उचलून तिनं मान वर केली, आणि तिला झालरीच्या खालून लाल फडकं दिसलं.

ती मागे सरकली. फडकं झालरीआड गेलं. पुढे आली. फडकं बाहेर आलं. तिनं हे परत परत करून पाहिलं. तुम्हालाही घरी करून पाहता येईल.

संध्याकाळी त्याच दोन शेजारणी झालरी बघायला आल्या. आईनं एकेक खोली दाखवली आणि शेवटी आत्याच्या दारात आली. एकीनं हळूच विचारलं, की ह्या रडतायत का.

"आनंद झालाय हो त्यांना," आई म्हणाली. "बोलता येत नाही, एवढंच. भाचीनं निवडलीय ना."

शेजारणी कौतुकानं बटणकडे वळल्या. बटण पलंगाच्या मागे, भिंत आणि लोखंडी दांडा यांच्यामधल्या फटीत शिरली होती. तिनं पाठ भिंतीला टेकवली, दोन्ही पाय दांड्याला लावले आणि ढकललं. पलंग करकरला आणि वीतभर पुढे गेला. नव्या पॉलिशवर एक पांढरी रेघ उमटली.

"बटण, जमीन," आई म्हणाली.

बटणनं पुन्हा ढकललं. रेघ लांबली. पाय पुरेनासे झाले तेव्हा ती उठली आणि खांदा लावला. आई पुढे झाली, पण शेजारणी बघत होत्या, आणि त्यांच्यासमोर मुलीला ओढायचं कसं, म्हणून ती दातओठ खात हसली. बटण कुणाकडेच बघत नव्हती. ती थोडं ढकलायची, थांबायची, कान द्यायची आणि लोखंडावर बोट वाजलं नाही की पुन्हा ढकलायची.