उठाव

रागिणीने पडद्यावरच्या विक्रीच्या आलेखाच्या टोकाशी लेझरचा लाल ठिपका नेला आणि बटण सोडून दिलं.

मोहालीच्या त्या ऑफिसात आज ‘झेप’चा निकाल लागायचा होता. झेप म्हणजे कंपनीचा जुना गेमिंग कन्सोल. मनगटाला पट्टा बांधायचा, हात वर नेला की टीव्हीवरचा पतंग वर जातो. पोरांनी त्याला केव्हाच रामराम ठोकला होता. रागिणीच्या सासऱ्यांनी मात्र अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्या पतंगाच्याच नादाने उजवा हात खांद्यापर्यंत आणला होता. कंपनीने सर्व्हर बंद केला की पतंगही बंद. घरी हे धड सांगायचा तिला धीर झाला नव्हता. “झेपचं काही खरं नाही,” एवढंच एकदा जेवताना तोंडातून निसटलं होतं.

अंशुमन सर नागपूरचे. सगळ्यांशी हिंदी बोलत, रागिणीशी मराठी. पण आकड्यांपुढे ते कुणाचेच नव्हते.

“दोन वर्षं माल धूळ खात पडला होता. आणि आता एकदम उठाव? तोही फक्त चंदीगडात?”

“हो, सर.”

“विक्री वाढली म्हणजे पुढेही चालणार, असं हेड ऑफिसला वाटतं. मला नाही वाटत. टिकेल का हा उठाव? पक्कं सांग. तू हो म्हणालीस तर सर्व्हर आणखी वर्षभर ठेवतो. नाहीतर मार्चअखेर बंद.”

हो म्हणायला रागिणीचा जीव आसुसला होता, पण हा उठाव आला कुठून हे तिलाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. सासरे! ऑफिसच्या वेळेत ते कधीच फोन करत नसत. पडले तर नाहीत ना? सरांनी मान हलवली तशी ती काचेच्या दाराबाहेर गेली.

“बाबा, बरे आहात ना?”

“मला काय धाड भरलीय! अगं, मी चंदीगडात आलोय, सेक्टर बत्तीसला, आम्हा झटकेवाल्यांच्या व्यायामाला. तुझी झेप बंद पडणार ना? इथे सगळेच झेपवर हात हलवतात, त्यांना मी सावध करून ठेवलं. ब्रारजींनी दोन घेतल्या, मल्होत्राबाईंनी तीन. एक बिघडली तर दुसरी हाताशी असावी, काय? दुकानात नवा माल आलाय म्हणे. आपल्यालाही एक घेऊन ठेवू?”

रागिणी भिंतीला टेकली. हा होता उठाव. भ्यालेल्या माणसांनी कपाटं भरली होती, आणि कपाटं भरली की तो संपणार होता. सर्व्हर बंद झाला तर त्या सगळ्या पेट्या एकाच दिवशी मुक्या होतील, हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. ते सांगायला तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

काचेपलीकडे सर टेबलावर पेन आपटत होते.

“ऐकू येतंय का गं? घेऊ?”

“घ्या, बाबा,” ती हळूच म्हणाली. “आणि बाकीच्यांनाही घ्यायला सांगा.”

ती आत येऊन बसली.

“कुणाचा फोन?” सरांनी विचारलं.

“गिऱ्हाइकाचा, सर,” रागिणी म्हणाली. “उठाव टिकेल.”